आत काही नव्हतं

"पाच," डॉक्टरीण म्हणाली. मोबाइलवरची नजर उचलून तिने आधी सुमाकडे पाहिलं, मग पलंगावर गुडघे पोटाशी ओढून पडलेल्या अन्विताकडे, आणि कुणी ऐकलंच नसावं अशा समजुतीने पुन्हा म्हणाली, "दहापैकी पाच." सुमाला आधी वाटलं, पोरीने कसलीतरी परीक्षा दिली आणि ती काठावर सुटली. मग वाटलं, काठावर सुटली की काठावरून पडली हे कोण सांगणार. घशाला कोरड होती. कालच्या एकादशीचं पारणं अजून झालं नव्हतं. सकाळी तांदूळ धुवून ठेवले आणि तेवढ्यात न्हाणीघरातून पोरीच्या ओकण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा उजव्या कुशीवर हात दाबून वाकून चालत होती. बोगादीतल्या घरून रिक्षाने या दवाखान्यात येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला पोरगी डोळे मिटत होती, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. आता हिरवा पडदा, स्पिरिटचा वास, अंगावर येणारा एसी, आणि पाच.

डॉक्टरीण तरुण होती. छातीवरच्या बिल्ल्यावर पूजिता असं नाव. अन्विताहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल नसेल. ती कन्नडमधून समजावत होती, शाळेतली बाई समजावते तशी, एकेक बोट मुडपत. "अपेंडिक्सला सूज आली की ती आठ ठिकाणी दिसते री. दुखणं बेंबीजवळ सुरू होऊन खाली उजवीकडे उतरलं का. अन्नावरची इच्छा गेली का. मळमळ, ओकारी. दाबल्यावर दुखतं का. दाबून एकदम हात सोडला तर दुखतं का. ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का. आणि त्यात आग लागल्यावर धावणारी जी जात असते, तिचा वाटा वाढलाय का. प्रत्येकाचे गुण ठरलेत. हिला दाबल्यावर दुखतं, दोन. ओकारी झाली, एक. पांढऱ्या पेशी थोड्या जास्त, दोन. झाले पाच. सीआरपी म्हणून आणखी एक तपासणी असते, सुजेची खूण, तीही जरा वर आहे, फार नाही. सोनोग्राफीत वायूमुळे अपेंडिक्स दिसलंच नाही. म्हणजे असेलही, नसेलही."

"मग कापणार?"

"पाचावर कुणी कापत नाही. थांबायचं. दुपारनंतर पुन्हा तपासू, पुन्हा रक्त काढू."

"आणि तोवर फुटलं तर?"

"म्हणूनच घरी पाठवलं नाही, अम्मा," डॉक्टरीण म्हणाली आणि पलीकडच्या पडद्याआड गेली. तिकडे एक म्हातारा सकाळपासून एकच शिवी घोळून घोळून देत होता.

थांबायचं. हे दोघी-तिघींच्या पगाराएवढे कपडे अंगावर घालून हिंडणारे लोक किती सहज थांबायचं म्हणतात. सुमा स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. तिच्या आत दोन बायका भांडत होत्या आणि दोघींचं खरं होतं. एक म्हणत होती, हात लावू देऊ नकोस पोरीला. दुसरी म्हणत होती, आत्ताच्या आत्ता कापा, नाहीतर मी इथली काच फोडीन. पहिली बाई जुनी होती. ती पिरियापट्टणातल्या एका खाटेवर जन्मली होती, सुमाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. माहेरी गेली होती, उजव्या बाजूला कळ आली, आणि वडिलांनी तिला बाजारातल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरने ना रक्त काढलं ना बोटं मोजली. त्याने तिच्या पोटात दोन बोटं खुपसली, ती ओरडली, त्याने वडिलांकडे पाहिलं. तिच्याकडे नाही. वडिलांना म्हणाला, काढून टाकू. शुद्धीवर आल्यावर तोच माणूस पायाशी उभा राहून हसत म्हणाला, निरोगी निघालं, पण गेलं ते बरं झालं, पुन्हा कटकट नाही. त्या वेळी त्याच्या शर्टाच्या खिशातून तंबाखूच्या भट्टीचा धुरकट वास येत होता. त्या गावात सगळ्यांनाच तो येतो, अंगात मुरलेला. सुमाला अजून तो वास आला की टाके ओढल्यासारखे वाटतात. कटकट मात्र गेली नाही. टाके सुकायच्या आत तीच कळ त्याच जागी परत आली. ती म्हैसूरला सासरी आली आणि एका सकाळी चुलीपाशी वाकून बसली तेव्हा सासू, गौराबाई, शेजारणीला सांगत होत्या, "कापून पाहिलं ना, आत काही नव्हतं." वाईट मनाने नव्हत्या सांगत. भाजीवाल्याकडे दुधी कोवळा निघाला हे सांगावं तसं. पण त्या वाक्याने सुमाच्या पोटात घर केलं. पुढे कळ आली की घरात सगळ्यांच्या डोळ्यांत तेच. आत काही नव्हतं. नवरा चांगला, रघु कधी बोलला नाही, पण तो बोलला नाही म्हणजे काय, तो टेप गळ्यात टाकून दुकानात गेला. कापून बघितल्यानंतर बाईने आणखी काय पुरावा द्यायचा. सुमाने सांगणं सोडलं. पुढे कळ आली की ती मशीनवर बसून ब्लाउजला काजं करायची, दाताखाली दोरा धरून. दोरा तुटेपर्यंत धरायचा, तेवढ्यात कळ उतरते.

म्हणजे तेव्हा ही आठ बोटं कुठे होती, असं तिला कुणाला तरी विचारायचं होतं. तेव्हा कुणी रक्त काढलं असतं, तर रक्त म्हणालं असतं, हिच्यात तसलं काही नाही, हिला कापू नका, दुसरीकडे बघा. आकड्यांवर तिचा राग नव्हता. आकडे एवढ्या उशिरा आले, आणि आले तेही पाच म्हणून, ना इकडचे ना तिकडचे, यावर होता. देवाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला आत ये म्हणू नये, जा म्हणू नये, तसे. अन्विता भिंतीकडे तोंड करून होती. तिच्या मानेवर बारीक घाम होता. वेणी सुटली होती. हिच्या वयाची पोरं आजकाल बोट कापलं तरी फोटो टाकतात, आणि ही बघा.

सकाळी अजून एक झालं होतं, ते सुमाच्या छातीत करपत होतं. डॉक्टरिणीने तपासण्या लिहिताना आवाज न बदलता लघवीची एक तपासणी लिहिली आणि सुमाने विचारलं, ही कशाला. "या वयाच्या मुलींना पोटात दुखलं तर गर्भ आहे का हे आधी बघावं लागतं, सगळ्यांचंच बघतो," डॉक्टरीण म्हणाली. सुमाच्या कानशिलात सणक गेली. आमची पोरगी तसली नाही, हे वाक्य जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं, कारण ते तिला सासूच्या आवाजात ऐकू आलं. तपासणीत काही निघालं नाही. तरी तो कागद आला तेव्हा सुमाने सुटल्याचा श्वास घेतला, आणि आपण तो घेतला याची तिला स्वतःचीच किळस आली. म्हणजे आपणही कापूनच बघणाऱ्यांतले.

रघुचा फोन आला. तो हुणसूरला एका शाळेच्या गणवेशांची मापं घ्यायला गेला होता. मागे पोरांचा गलका.

"काय म्हणाले?"

"पाच."

"पाच म्हणजे चांगलं की वाईट?"

"पाच म्हणजे पाच. थांबा म्हणाले."

"ऑपरेशन बेडा ना मग, नको ना? परवागिल्ला, ठीकच आहे. ज्यूस दे तिला काहीतरी."

"काही द्यायचं नाही म्हणालेत. तोंडाला पाणीसुद्धा नाही."

"मी निघू का? अर्धी मापं राहिलीत. सातवीची पोरं अजून रांगेत आहेत."

"तुमच्या मनाने करा."

"हे बघ, असं बोलू नकोस. निघतो. बसला जागा मिळाली की कळवतो." मग खालच्या आवाजात, "तुझ्यासारखं नसेल ना काही?"

सुमाने फोन बंद केला. तुझ्यासारखं. घरात त्याला दुसरं नावच नाही. मापं घेणाऱ्या माणसाला अंगाचा प्रत्येक इंच माहीत असतो आणि बायकोच्या पोटाची वीत मात्र अजून कोरी. ती व्हरांड्यात आली. कँटीनमधून कॉफीचा वास वर येत होता आणि रिकाम्या पोटात तो सुईसारखा शिरत होता. पारणं करायला हवं होतं. द्वादशीला वेळेत तोंडात घास गेला नाही तर कालचं सगळं फुकट, गौराबाई म्हणतात. म्हणू देत. काल मात्र घर कसं भरल्यासारखं झालं होतं. काल सकाळी अन्विता उठली ती उशिरा, दारात उभी राहून म्हणाली, "अम्मा, मीपण आज उपास करते."  ही पोरगी. जिने जन्मात एक एकादशी धरली नाही. घरातले सगळे विठ्ठलाचे, वडील, आजोबा, कापड रंगवणारे खापरपणजोबा, सगळे पंधरा दिवसांनी अन्नावरून उठणारे, आणि ही लहानपणापासून कंबरेवर हात ठेवून म्हणायची, उपास तुमचा, खिचडी माझी. साबुदाण्याची अर्धी कढई ही एकटी संपवायची, खालची खरपूडसुद्धा उलथन्याने खरवडून. आणि काल म्हणाली, खिचडीपण नको, निर्जळी करते. सुमाने भिंतीवरच्या विठ्ठलाकडे पाहून हात जोडले होते. मनात म्हणाली होती, काहीतरी पोचलं म्हणायचं हिच्यापर्यंत. कॉलेज, मोबाइल, इंग्रजी, कन्नड, सगळ्याच्या पलीकडून आपलं काहीतरी पोचलं. रघुला तिने दुकानात फोन करून सांगितलं. फॉल लावायला साडी घेऊन आलेल्या बाईला सांगितलं. आणि आज सकाळी डॉक्टरिणीने विचारलं, जेवण कसं आहे, भूक आहे का, तर पोरीने तोंड उघडायच्या आधी सुमाच म्हणाली, काल एकादशी होती, तिचा उपवास होता, म्हणून काही खाल्लं नाही. म्हणताना आवाजात काय होतं ते सुमाला आता ऐकू येत होतं. मिरवणं होतं. डॉक्टरिणीचा अंगठा मोबाइलवर एक ओळ पुढे गेला.

व्हरांड्यात उभी असतानाच गौराबाईंचा फोन आला. "अगो सुमा, काय झालं? मी इथे देवापुढे बसलेय. पारणं केलं नाही अजून, तुम्ही आल्याबिगर करणार नाही."

"करा तुम्ही. आम्हाला वेळ लागेल."

"कापणार म्हणतात?"

"अजून नाही."

"नको कापू देऊ. तुझं काय झालं, विसरलीस? कापतील आणि आत काही नसेल. पोरीचं लग्न व्हायचंय." मग त्या विरघळल्या. "काल कसला उपास केला गो पोरीने. मी हिच्यासाठी खिचडीची वाटी झाकून ठेवली, म्हटलं कुणी बघत नाही, खा. हात लावला नाही. वासानेच तोंड फिरवलं. नको आज्जी म्हणाली, बघवत नाही. एवढा निग्रह मला या वयात नाही. विठ्ठल बघेल तिचं."

वासानेच तोंड फिरवलं. सुमाने फोन कानाजवळ तसाच धरला. गौराबाई पुढे काहीतरी बोलत होत्या, कुणाच्या तरी पोरीचं, कुठल्या तरी मठाचं. समोरच्या खिडकीतून पार्किंगमधली एक गुलमोहराची फांदी दिसत होती आणि ती हलत नव्हती. वासाने तोंड फिरवणं म्हणजे निग्रह नव्हे. निग्रह करणाऱ्याला वास हवा असतो. सुमा बत्तीस वर्षं एकादशी करते, तिला माहीत आहे. त्या दिवशी शेजारच्या घरातल्या फोडणीचा वाससुद्धा माणूस छाती भरून घेतो. पोरीने उपास केला नव्हता. पोरीला भूक नव्हती. घरात ताटात अन्न टाकलं की चौकशी होते, का टाकलं, काय होतंय, जीभ दाखव. आणि एकादशीला न जेवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, उलट डोक्यावरून हात फिरवतात. केवढी सोय. आणि काल सकाळी, हो, कालच सकाळी बेंबीवर हात ठेवून म्हणाली होती, इथे कसंतरी होतंय. सुमाच म्हणाली, पहिल्यांदा उपास ना, रिकाम्या पोटात वायू फिरतो, सवय होईल. आज डॉक्टरिणीने विचारलं, दुखणं कुठून सुरू झालं, तर पुन्हा सुमाच म्हणाली, उजवीकडे, इथेच. बेंबीचं ते तिने उपासाच्या खात्यावर टाकलं होतं, देवाच्या खात्यावर.

बोटं आपोआप मुडपली. भूक गेली, एक. बेंबीतून उजवीकडे, एक. पाच आणि दोन सात. उपासाने दोन गुण खाल्ले.

ती आत आली. अन्विता उताणी झाली होती, डोळे छताला.

"निज सांग, खरं सांग," सुमा म्हणाली. "काल उपास होता की भूक नव्हती?"

 पलीकडचा म्हातारा तेवढ्यात झोपला असावा, कारण शिवी थांबली होती.

"भूक नव्हती," अन्विता म्हणाली.

"मग सांगायचं."

"कुणाला?"

"मला. कुणाला म्हणजे."

"तुला पोट म्हटलं की तू कशी होतेस माहितेय, अम्मा?"

"कशी होते?"

"मला मराठीत नाही सांगता येत." तिने ओठ चावले. "दार लावल्यासारखी. आठवीत मला दुखलं होतं, आठवतं? मी नुसतं होट्टे नोवु, पोट दुखतंय म्हटलं तर तू मशीनवरून उठलीच नाहीस. नुसती बघत राहिलीस. मला वाटलं मीच काहीतरी केलं. मग मी म्हटलं, सुम्ने, उगाच म्हणाले, आता नाही दुखत. तू लगेच बरी झालीस."

"आणि बेंबीत?"

"आधी तिथेच होतं. काल दुपारी इकडे आलं. मला वाटलं झोपले की जाईल."

सुमा उभी राहिली. आठवीतलं तिला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. आठवत असतं तर निदान तिने ते ठरवून केलं असतं. म्हणजे एवढी वर्षं आपण समजत होतो की आपण गिळतो, आपलं आपल्याजवळ ठेवतो, कुणाला त्रास देत नाही. आणि ते गिळलेलं घरभर पडलेलं होतं, आणि पोरगी त्यावरून पाय वाचवत चालायला शिकली. रागावू तरी कुणावर. त्या तंबाखूच्या वासाच्या माणसावर रागावता येतं, तो मेलाही असेल.

आता सांगायचं. दहा पावलांवर ती डॉक्टरीण उभी आहे, चहा पितेय. सुमा दोन पावलं गेली आणि थांबली. सांगितलं की सात. सात म्हणजे सर्जन, सुरी, पडदा. आणि पोट उघडलं आणि ते पांढरं, निरोगी, कोवळं निघालं तर? तर पोरीला कापलं कुणी? तिच्या तोंडच्या दोन वाक्यांनी. मग पुढची तीस वर्षं गौराबाई, त्यांच्यानंतर आणखी कुणी, पोरीच्या सासरची कुणी, भाजीच्या दुकानात उभं राहून म्हणेल, आत काही नव्हतं. न सांगितलं तर काय होईल? रक्त आहेच की. दुपारनंतर रक्त बोलेल, रक्ताला उपास कळत नाही. आपण गप्प राहिलो हे कुणाला कळणार नाही. आकडे ठरवतील. आपला हात नाही लागणार. हे किती बरं वाटलं तिला. हात न लागणं. आणि बरं वाटतंय हे कळल्याबरोबर तिला त्या बरं वाटण्याचाच संशय आला, कारण तिला माहीत होतं, गप्प बसणं तिला नेहमीच बरं वाटलंय, त्यात ती तरबेज आहे, त्याच्यावर तिचं पोट चाललंय. तिने मागे वळून पाहिलं. अन्विताने चादरीचं टोक दातात धरलं होतं. आवाज नाही. कळ येऊन गेली असणार, कारण मग तिने टोक सोडलं आणि ते ओलं झालेलं टोक हातानेच नीट सारखं केलं, कुणाला दिसू नये म्हणून. ती चादर सारखी करणारी बोटं सुमाची होती. हुबेहूब.

सुमा गेली आणि डॉक्टरिणीच्या अगदी समोर उभी राहिली. "सकाळी मी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"तिचा उपवास नव्हता. तिला अन्न नको होतं. कालपासून. वाससुद्धा नको होता. आणि आधी बेंबीत दुखत होतं, मग इकडे आलं. तिला बोलू न देता मीच बोलले."

डॉक्टरिणीने चहा खाली ठेवला. चिडली नाही, पण चेहरा बदलला. "तुम्ही इथे बाहेरच थांबा, अम्मा. मला तिला एकटीला बघू दे."

"मी तिथे असले तर काय होतं?"

"तुम्ही असलात की ती तोंड सांभाळते. सकाळी मला वाटलंच होतं."

पडदा ओढला गेला. सुमा त्या हिरव्या कापडापासून हातभर अंतरावर उभी राहिली. आतून डॉक्टरिणीचा आवाज येत होता, इथे? इथे? दीर्घ श्वास घे. आता हात सोडते. आणि मग अन्विताचा आवाज आला. तो आवाज सुमाने घरात कधी ऐकला नव्हता. पोरगी जन्मली तेव्हा ऐकला असेल तेवढाच. मोठा, उघडा, कुणाचीही भीड नसलेला. व्हरांड्यातल्या दोघांनी वळून पाहिलं. सुमाला वाटलं, धावत आत जावं. तिथेच उभी राहिली. ओरड, म्हणाली मनात. अजून ओरड.

"आठ झाले," बाहेर येऊन डॉक्टरीण म्हणाली. "सोडताना जास्त दुखतंय. दुपारपर्यंत नाही थांबत, आत्ताच रक्त काढते." रक्त गेलं, आकडे आले. पांढऱ्या पेशी बऱ्याच चढल्या होत्या, ती धावणारी जात त्यात जवळजवळ सगळी जागा अडवून बसली होती, आणि सीआरपी सकाळच्या चौपट. डॉक्टरीण फोनवर सर्जनशी बोलताना इंग्रजीत बोलत होती, तरी सुमाला एक शब्द कळला, आई.

सर्जन शिवप्रसाद म्हणून होते, पन्नाशीचे, बोलायला कंजूष. त्यांनी पोटाला हात लावला, कागद बघितले, म्हणाले, काढायला लागेल, सह्या करा.

"आत काही नसलं तर?" सुमाने विचारलं.

"इतके आकडे असताना बहुतेक असतं."

"पण नसलं तर?"

"कधीकधी नसतं. तसं सांगू तुम्हाला."

"आणि दुखणं? आत काही नसलं तर दुखणं होतं की नव्हतं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. किंवा कळला आणि त्यांच्याकडे त्याचं खातं नव्हतं. "ते नंतर बघू री," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

रघु आला तेव्हा अन्विताला आत नेलं होतं. टेप अजून गळ्यातच होता. बसमध्ये तसाच बसून आला असणार, लोक बघत असतील. "सही केलीस?" त्याने विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावर, "मला विचारलं नाहीस," असं म्हणायला तोंड उघडून त्याने मिटलं. दोघं बाकावर बसली. दार बंद होतं, वर लाल दिवा. रघु विठ्ठल विठ्ठल म्हणत होता, ओठांतल्या ओठांत, काही नसू दे, बारीकसं असू दे, पोरीला सुखरूप कर. सुमाही हात जोडून बसली होती. तिची प्रार्थना वेगळी होती आणि ती कुणी ऐकली असती तर तिला त्या बाकावर बसू दिलं नसतं. सडलेलं असू दे, ती म्हणत होती. विठ्ठला, आत सडलेलं असू दे. काळं असू दे, पुवाने भरलेलं असू दे, डोळ्यांना दिसेल असं असू दे. पोर वाचव, पण तिला खरी ठरव. बत्तीस वर्षांच्या एकादश्या आहेत माझ्या तुझ्याकडे, त्यातली एक तरी खरी धर आणि एवढं दे. हे म्हणताना तिला भीती वाटत नव्हती. आई अशी प्रार्थना करत नाही, असं कुणी म्हणालं असतं तर ती म्हणाली असती, मग तुम्ही आयांना ओळखत नाही.

दार उघडलं. शिवप्रसादांनी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला. "फुटायच्या बेतात होतं. पू धरला होता. वेळेत झालं." एवढंच. रघु उठला, त्यांचे हात धरायला गेला, त्यांनी धरू दिले नाहीत, मग तो भिंतीला टेकून रडायला लागला, टेपच्या टोकाने डोळे पुसत. सुमा बाकावरच बसून राहिली.  सुटलो, सुटलो, असं सगळं अंग म्हणत होतं. आणि त्या सुटण्याच्या खाली, लगेच, ओल्या जमिनीतून काहीतरी डोकं काढावं तसं दुसरं काहीतरी आलं. तिने ते ओळखलं आणि नाकारलं नाही. हेवा होता. स्वतःच्या पोरीचा. तिच्या दुखण्याला आकडा मिळाला, माणसं धावली, एक अनोळखी माणूस बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, होतं. संपलं. आता कुणी कधी काही बोलणार नाही. जन्मभर ती बाजू दाखवून सांगेल, मला असं झालं होतं, आणि लोक ऐकतील.

अन्विताला खोलीत आणलं तेव्हा तिच्या पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. बाहेर ऊन उतरलं होतं, भिंतीवर पिवळा पट्टा. रघु पायाशी उभा राहून गौराबाईंशी बोलत होता. "होतं, आई. हो, आत होतं. पू झाला होता. डॉक्टर स्वतः म्हणाले. करा तुम्ही पारणं आता, किती वेळ उपाशी बसणार." पलीकडून गौराबाईंचा आवाज बारीक, अखंड येत होता. अन्विताची जीभ सुकलेली होती. ती काहीतरी पुटपुटली. सुमा वाकली.

"होतं ना, अम्मा? निज होतं ना?"

"होतं," सुमा म्हणाली. "सांगितलं त्यांनी. होतं."

पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. हसली की रडली ते कळलं नाही. तिने डोळे मिटले आणि खोल श्वास सोडला. सुमा वाकलेलीच राहिली. तिचा हात स्वतःच्या कुशीवर गेला होता, साडीवरून. मग ती सरळ झाली. रघु फोनवर म्हणत होता, अहो हो, पोरगी शूर आहे आपली.

"माझंही होतं," सुमा म्हणाली.

अन्विताने डोळे उघडले. रघुने मान वळवली. "काय?"

सुमाने त्याच्याकडे नाही, त्याच्या कानाला लावलेल्या फोनकडे पाहिलं, आणि तिकडे पोचेल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "माझंही होतं."

फोनमधला बारीक आवाज थांबला.